कावळ्याला सांगितलेला अर्धा तास

कावळ्याला घड्याळ कळतं का? न्हाई, मी उशिरा आलो म्हनून तुमी मगाधरनं घड्याळाकडं बघताय, बघा, खुशाल बघा, पर आधी माझ्या एवढ्या सवालाचं उत्तर द्या की राव! कावळ्याला घड्याळ कळतं का? गुरुजींना इचारलं, तर म्हनले, "सुतकात असलं इचारू नये." सुतक फिटल्यावर इचारलं, तर म्हनले, "आता कशाला इचारतोस, फिटलं की!" आप्पासोकाकाला इचारलं. माझा चुलता, मिलिटरीतनं रिटायर, जगातलं समदं त्येला म्हाईत. त्यो म्हनला, "सवाल नहीं, ज्ञानू! जबान दी है तो निभाव!" आवं काका, पर जबान दिली कुणाला? कावळ्याला!

थांबा, असं न्हाई कळायचं तुमाला. पैल्यापासनं सांगतो.

माझा थोरला भाऊ जयराज. आमचं गाव आष्ट्याजवळ, सगळं सपाट, चहूकडं ऊस, पायाखाली उंचवटा म्हंजे फकस्त बांध. पर दादा कामाला साताऱ्याला, एमआयडीसीत, आन् तितं त्येला सायकलचा नाद लागला. साधी सायकल न्हवं, बगळ्याच्या पायागत बारीक टायरं, आन् शीट म्हंजे नुस्ता नांगराचा फाळ! दर रविवारी ही सायकल घेऊन गडी घाट चढणार. का? तर सालातनं एकदा तितं घाट चढायची स्पर्धा असती. बक्षीस? न्हाई! नंबर? तोबी न्हाई! ह्येचं आपलं एकच, चाळीस मिनटांत वर जायचं. कुणी सांगितलं चाळीस? कुणीच न्हाई, ह्येनंच स्वतःला सांगितलं! गेल्या साली थोडक्यात हुकलं. म्हनला, "ज्ञान्या, औंदा करतोच बघ." आन् श्रावणात डेंग्यू झाला. घाटाला न भ्यालेला मानूस, आन् एवढासा डास...

जाऊ दे. ते न्हाई मला सांगायचं. मला कावळ्याचं सांगायचंय.

दहाव्याला समदे कृष्णाकाठी. पिंड ठेवला, मागं सरलो, हात जोडले. बाभळीवर कावळे ढीगभर, पर एकबी खाली येईना. आबा, आमचं वडील, म्हनले, "जयराज, घराचं आर्धं काम पुरं करतो रं बाळा." कावळा गप. आप्पासोकाका म्हनला, "जयराज, तुझी सायकल विकणार न्हाई, माझा शब्द हाय." कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढाय लागलं, मागनं मंडळी कुजबुजाय लागली, हरिबा म्हनला, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आन् शिववा, माणसं उपाशी हायती." हा हरिबा आमच्या गल्लीतला, दुसऱ्याच्या दुःखातबी ह्येला आपली न्याहारी आठवती! ते ऐकलं आन् माझी आई खाली बसली. म्हनली, "गवताचा कावळा नगं. माझं लेकरू रुसलंय. त्येचं कायतरी मनात राह्यलंय."

आन् मी... तुमाला सांगतो, माझं तोंड माझ्या ताब्यात न्हाई, ल्हानपणापासनं न्हाई. मी वरडलो, "दादा, तुझा घाट मी चढतो!"

एका कावळ्यानं मान वळवली.

आप्पासोकाका पुटपुटला, "टाइम बोल, टाइम! त्येला टायमाचं लागलं हुतं." मी म्हनलं, "चाळीस मिनटांत!" कावळा उतरला, दगडावर बसला. पर फुडं सरकंना. मी म्हनलं, "पस्तीस!" एक उडी. आवं, सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा चालतो ना, तसं चाललेलं, फकस्त तितं आकडा वर जातो, हितं खाली! आबा माझा सदरा वढतायत, "आरं बास, किती उतरतुयास!" पर त्यो कावळा माझ्याकडं असा बघतोय, दादाच बघतोय जनू. मी डोळं मिटलं आन् वरडलो, "अर्धा तास!"

फाटकन शिवला.

समदे रडले. आई रडली, मी रडलो, हरिबा जेवायला पळाला. आन् घरी आल्यावर आईनं चहाचा कप बाजूला सारला. म्हनली, "ज्ञानू, शब्द दिलायस. त्यो फिटंस्तवर मला च्या नगं." आमच्या आईनं चहा सोडणं म्हंजे काय तुमाला न्हाई कळायचं. जेवाण चुकंल, चहा न्हाई! डोकं धरून बसायची दिवसभर, पर घोट न्हाई घेतला. वर मला रोज इचारायची, "व्हईल न्हवं रं अर्ध्या तासात?"

आवं कसं व्हईल! मी उसाचा ट्रॅक्टर चालवणारा. माझ्या पायाला एकच काम म्हाईत, क्लच दाबणं. ज्येला पाय हुते त्येचं चाळीस झालं न्हाई, आन् मी अर्धा तास सांगून बसलो! आता म्हना, कावळ्याला कुठं घड्याळ कळतंय? तेच तर इचारतोय मी! कळत नसंल, तर चाळीसला का न्हाई शिवला?

तरी लागलो. दादाची सायकल काढली. आमच्याकडं चढ कुठला? माधवनगरकडं रेल्वेवरचा पूल हाय, तेवढाच. रोज तितं जायचं, पूल चढायचा, उतरायचा, परत चढायचा. एक दिस हरिबा तितनं चाललेला, थांबला, बघितलं, म्हनला, "ज्ञान्या, पूल चढतोयास का पुलाला टेकू देतोयास रं?"

आला स्पर्धेचा दिस. पहाटं साताऱ्याला. तितली मानसं बघितली आन् माझं अवसानच गेलं. पुण्याचा एक डॉक्टर हुता, त्येनं पायाची दाढी केलेली! पायाची! गुळगुळीत, घासलेल्या पितळेगत! आन् माझ्या पायात चप्पल. टेबलावर एक मयूरी नावाची पोरगी नंबर देत हुती. "सर, तुमचा टार्गेट टाइम?" मी म्हनलं, "अर्धा तास." तिनं माझ्या चपलाकडं बघितलं. "नक्की?" मी म्हनलं, "कावळ्याला सांगितलंय." तिनं ते वहीत लिवलं. म्हनली, "मग सर तुम्ही फास्ट ग्रुपमध्ये, एकदम पुढं उभे राहा."

झालं! डॉक्टरच्या शेजारी मी. मनगटावर दादाचं घड्याळ, काट्याचं. दवाखान्यातनं पिशवीत घालून दिलेलं, तसंच बांधलेलं. सात वाजले, शिट्टी झाली, समदे सुटले, मीबी सुटलो. साडेसातच्या आत वर. पैल्या वळणापर्यंत मी त्यांच्यात हुतो बरं का! निदान त्यांच्या अत्तराच्या वासात तरी हुतो. दुसऱ्या वळणाला वासबी गेला. मग मागचा ग्रुप आला, गेला. मग बाया आल्या, गेल्या. मग एक रिटायर आजोबा घंटी वाजवत आले, "कम ऑन, बेटा!" म्हनले आन् तेबी गेले. मग मागं फकस्त एक टेम्पो राह्यला. हरलेल्यांच्या सायकली गोळा करणारा. माझ्या मागं फस्ट गेरात घुर्रऽ घुर्रऽ. डायव्हर खिडकीतनं, "पाव्हणं, बसा की." मी म्हनलं, न्हाई. फुडच्या वळणाला परत, "आवं बसा की पाव्हणं, कुणी बघत न्हाई." मी म्हनलं, "बघतोय!" त्येनं वर बघितलं. घार हुती.

मग पायच संपले. उतरलो, ढकलाय लागलो. आन् माझ्या तोंडातनं एक आवाज यायला लागला. धापा. पर माझ्या न्हवंत त्या. तुमाला सांगतो, दादा दर रविवारी वर पोचला की मला फोन करायचा आन् बोलायचाच न्हाई, नुस्ता धापा टाकायचा. मी म्हनायचो, "आरं म्हशीगत काय करतुयास, बोल की!" त्यो म्हनायचा, "थांब... थांब..." आन् मी थांबायचो. त्याच धापा. हुबेहूब. त्या घाटात, मागं टेम्पो, आन् दादा माझ्या छातीतनं... मी तितंच थांबलो. घड्याळ बघितलं. साडेसातला एक मिनिट कमी. वर जायाला आजून आर्धा घाट.

मी घड्याळाची खुट्टी बाहेर वढली. काटा थांबला.

वर पोचलो तवा स्पर्धेचा मांडव सोडायला लागलेले, डॉक्टर उपमा खाऊन गेलेला. आई कठड्याजवळ उभी. आबा आन् काका तिला जीपनं घेऊन आलेले. हातात डबा, दहीभात, दादाच्या आवडीचा. "किती?" एवढंच म्हनली. मी मनगट फुडं केलं. आप्पासोकाका वाकला, वरडला, "साडेसातच्या आत! शाब्बास! मिशन फत्ते!" आबांनी डोळं पुसलं. आईनं माझा हात धरला, वर नेला आन् घड्याळ कानाला लावलं.

"ह्ये बंद हाय रं."

मी म्हनलं, "दमलं आसंल."

तिनं डबा उघडला, कठड्यावर भात ठेवला, आन् हात मागं घ्यायच्या आधी कावळा आला! शब्द न्हाई, आकडा न्हाई, सौदा न्हाई! भुरकन आला आन् खाऊ लागला! घाटातला कावळा त्यो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या भज्यांवर पोसलेला, त्येला काय! मी वरडलो त्येच्यावर, "आरं भाड्या, मग तवा काय धाड भरलेली!" समदे बघाय लागले. त्येनं बघितलंबी न्हाई.

आई टपरीकडं वळली. "दोन च्या सांग." बाकड्यावर बसलो दोघं. एवढ्या महिन्यांनी पैला घोट. मी बघतोय तिच्या तोंडाकडं. "कसा हाय, आई?"

"पाणीच हाय की रं," म्हनली. तरी सगळा प्याली.

मग म्हनली, "बंद घड्याळ घरात नगं. चालू कर त्येला. पर काटं फिरवू नगंस. हाय तितनंच चालू दे."

म्हनून उशीर झाला बघा हितं यायला. ह्ये घड्याळ मागं हाय, मला वर पोचून च्या पिऊस्तवर जेवढा उशीर झाला तेवढंच मागं, आन् आईनं फिरवू दिलं न्हाई, मीबी फिरवलं न्हाई. येष्टी चुकती, कारखान्यावर बोलणी खातो, आज तुमची खाल्ली. घाट? त्यो काय माझ्यानं झाला न्हाई, व्हायचाबी न्हाई. कावळ्याला घड्याळ कळतं का, ते आजून कुणी सांगितलं न्हाई. दादासाठी म्हनून शेवटचं काय केलं असंल, तर त्या बाकड्यावर बसून खुट्टी आत दाबली, तेवढंच.