वाघझरीच्या घाटातला बोलका उस्ताद

बसा, जरा सरकून बसा. आणि ऐका. मधेच कुणी खोकायचं नाही. ज्याला भीती वाटतेय त्यानं आत्ताच उठावं, मागनं मी कुणाला घरापर्यंत सोडायला येणार नाही.

तर तेव्हा मी वाघझरी घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी चालवायचो. त्या रात्री माझ्या बाकड्यावर बाबगोंडा शेठ येऊन बसलेले. ट्रकांचे मालक. वर माथ्यावरून त्यांचा गुळाचा ट्रक सुटायचा होता आणि चालवायला कोण? तर हौसा. हो, बाईमाणूस! लायसन नवंकोरं. दहा मालकांच्या दारात जाऊन आली, सगळे हसले. हे शेठ तेवढे म्हणाले, एकदा ट्रायल दे. एकदाच. जमलं तर नोकरी, नाहीतर परत तोंड दाखवू नकोस.

आता ट्रायल म्हणजे काय ते ऐका. भरल्या गाडीनं रात्रीचा घाट उतरायचा. शेजारी शेठचा जुना ड्रायव्हर इलाही उस्ताद बसणार. आणि इलाही उस्तादाचा रिवाज असा, की तो घाटभर तोंड उघडायचा नाही. त्याला बोलावं लागलं म्हणजे तुम्ही नापास. एक शब्द बोलला की गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि स्टेरिंग स्वतः धरायचा. कित्येक पोरं रडत खाली उतरलीत, मी बघितलंय.

तर झालं काय, माथ्यावर गाडी थांबली. उस्ताद चाकं बघायला खाली उतरला. सगळं ठीक असलं की तो मागं फाळक्यावर थाप मारायचा आणि मग येऊन बसायचा. हौसा वाट बघतेय. थाप पडली. दार उघडलं. उस्ताद चढला, बसला. हिनं गाडी सोडली.

अंधार कसला म्हणता! डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा. एक वळण गेलं. दुसरं गेलं. आणि शेजारनं आवाज आला, "हौसा, न्यूट्रल कर. डिझेल वाचंल."

झालं. उस्ताद बोलला. म्हणजे नोकरी गेली. पण भरली गाडी उतारावर न्यूट्रल करायची? मग ब्रेक तापतात, लागेनासे होतात आणि गाडी थेट दरीत. तिनं मनाशी म्हटलं, नापास तर नापास, पण गाडी मी धड खाली नेणार. दुसरा गिअर तिनं सोडला नाही.

पुढच्या वळणावर पुन्हा आवाज. "लाईट विझव." आणि हिनं हात लावायच्या आत लाईट गेल्या की! आता? हिनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. कडेचे चुना लावलेले दगड अंधुक दिसत होते, त्यांच्या मागं मागं गाडी नेली. कपाळावर घाम, आणि वारा बर्फासारखा गार.

ऐकताय ना? मग समोर एकदम उजेड झाला. पेट्रोल पंप, माणसं, सरळ रुंद रस्ता. घाटात, दरीच्या जागी! "सरळ घे," शेजारचा म्हणाला. "सरळ घे गं." आणि तिच्या हातावर एक थंडगार हात पडला आणि गिअर ढकलायला लागला. तिनं दात आवळले आणि दांडा धरून ठेवला.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. उस्ताद बोलला तर स्टेरिंग घेतो. हा मघापासनं बोलतोय आणि स्टेरिंगला काही हात लावत नाही. ती मान न वळवता म्हणाली, "उस्ताद बोलतो तेव्हा गाडी धरतो. तू बोललास. आता धर."

तो हात स्टेरिंगपाशी आला आणि तिथंच थांबला. का थांबला म्हणून मला विचारू नका, मी काय भूत आहे? लोक म्हणतात, घाटातलं भूत माणसाला भुलवतं, पण स्टेरिंग काही त्याला धरता येत नाही. मग अशी किंकाळी उठली की खाली माझ्या टपरीवरची कपबशी हलली. पलीकडचं दार सताड उघडलं. लाईट लागल्या. आणि समोर बघते तर कठडा, हातभर लांब! तिनं सगळं अंग घालून स्टेरिंग वळवलं. मागचं चाक कठड्याला घासलं, पण गाडी वळली.

खाली येऊन माझ्यासमोर थांबली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. शेठ बोलायच्या आतच मागनं दुसऱ्या ट्रकमधनं खरा उस्ताद उतरला, लालबुंद होऊन. तो म्हणाला, मी दोराची गाठ आवळत होतो, थाप मी मारलीच नाही, ओरडलो तरी ही निघून गेली. मग हौसानं सगळं सांगितलं. एक गोष्ट गाळली नाही.

शेठ उठले. म्हणाले, उस्ताद शेजारी नव्हता, मग ही ट्रायल धरायची कशी?

इलाही उस्तादानं वाकून एकेका चाकाच्या ड्रमला हात लावला. सगळे गार. ब्रेकवर नाही, गिअरवर गाडी उतरलेली. तो सरळ झाला आणि म्हणाला, "शेठ, माझ्या शेजारी गाडी चालवायला काय लागतं? मी गप्प बसतो. हिच्या शेजारचा सगळा घाट बोलत होता, तरी हिनं गिअर सोडला नाही. हिला नको म्हणाल तर मलाही उद्यापासनं धरू नका."

शेठनी चावी हौसाच्याच हातात ठेवली. मी तिला चहा दिला, तर अर्धा बशीत आणि अर्धा पदरावर सांडला बिचारीनं.

आजही ती त्याच घाटानं गूळ उतरवते. पण तुम्ही जाऊ नका. रात्रीचं तर अजिबात जाऊ नका. शेजारनं कुणी गोड बोलून सांगितलं की तुम्ही लगेच ऐकता, मला ठाऊक आहे तुम्ही कसे आहात ते. उठा आता, आणि घराकडं जाताना एकमेकांचा हात सोडू नका.