न पुसणारी पावलं

तेजस्विनी : ‘मान खाली, तोंडात देवाचं नाव, आन् एक पाऊल पुरं झाल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई.’ असंच म्हणाला होतात ना, मावशी? डोळ्याच्या ऑपरेशनला निघालात तेव्हा, रिक्षात बसता बसता?

शालनबाई : व्हय. आन् तू म्हनालीस, पंधरा दिवस माझ्यावर सोडा, तुमी निवांत पडा. आता ते कशाला उगाळतीयास? आत ये की. भाडं थकल्यावानी दारात का उभी?

तेजस्विनी : स्वप्नालीवहिनी गेल्या कामावर?

शालनबाई : कवाच. चाकणच्या कंपनीची गाडी माझ्या सुनंसाठी थांबतीय व्हय? कानात ती बोंडं घालून गेली, तुझंच बोलनं ऐकत. काल जेवताना मलाबी ऐकवलं. ‘पहिली रेघ’ का काय म्हनत्यात ना तुझ्या त्या पॉडकास्टला?

तेजस्विनी : तुम्ही ऐकलंत? सगळं?

शालनबाई : सगळं. तुझ्या जोडीचा तो सुजित इचारतोय, ताई, तुमचा दिवस कसा सुरू व्हतो, कसल्या पेनानं काढता, सुचतं कुठनं. तू काळ्या वहीचं सांगितलंस, डांगे चौकातल्या हातगाड्यांवरच्या पाट्यांचं सांगितलंस. डोस्क्यावर गोधडी घेऊन बोलतीस म्हनालीस, तवा हसूच आलं मला. म्हटलं, तरीच वरनं आवाज येत न्हाई पोरीचा.

तेजस्विनी : गोधडीनं आवाज घुमत नाही. ...पुढचं?

शालनबाई : पुढं म्हनालीस, लॅपटॉप उघडायच्या आधी मी रोज तेहतीस गाईची पावलं काढते. रांगोळीनं. सात वर्सं झाली.

तेजस्विनी : सात वर्षं.

शालनबाई : त्यानं इचारलं, कुनी शिकवलं? तर तू म्हनालीस, कुनी न्हाई, आपसूक सुचलं. आमच्यात ऱ्हायला येऊन तुला दीड वरीस झालं, तेजू.

[तेजस्विनी हातातली पांढरी प्लास्टिकची गुंडाळी त्यांच्यापुढे ठेवते.]

तेजस्विनी : हे बघा. मघाशी तुम्ही अंघोळीला होतात तेव्हा देवापुढच्या पाटावरून सोलून काढलं. ती गोपद्मं रांगोळीची नव्हती, मावशी. स्टिकर होता.

शालनबाई : हं.

तेजस्विनी : पहिले दोन दिवस खरी काढली. मग त्यातलं बरं आलेलं एक पाऊल फोटोतून उचललं, तेच बत्तीस वेळा डकवलं. चिंचवडला ज्या दुकानातून मी कंपन्यांच्या खोक्यांची लेबलं करून घेते, तिथूनच कापून आणलं. रोज सकाळी यायची, फुलं बदलायची, आणि काढतेय असं वाटावं म्हणून दहा मिनिटं पाटापुढं नुसती बसायची. बारा दिवस.

शालनबाई : ठावं हाय मला.

तेजस्विनी : ...कधीपासून?

शालनबाई : तिसऱ्या दिवसापास्नं. पट्टी डोळ्यावर व्हती, हाताला न्हवती. पाया पडताना पाटावर बोटं टेकली, तर रांगोळी लागंना बोटाला. नख घातलं, तशी कड उचलली.

तेजस्विनी : आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?

शालनबाई : काय बोलू? तू रोज म्हनायचीस, ‘मावशी, आज छान आली बघा.’ म्या म्हनायचे, व्हय बाय. मला वाटायचं, आज सांगंल. मंग वाटायचं, उद्या सांगंल.

तेजस्विनी : नका ना असं बोलू. त्यापेक्षा खोली रिकामी कर म्हणा.

शालनबाई : खोलीनं काय केलंय?

तेजस्विनी : पाचवं वर्ष होतं तुमचं. शेवटचा चातुर्मास. कार्तिकात उद्यापन. पाच वर्षं एक दिवस चुकला नाही, माहेरचे गौरी-गणपती सोडलेत त्याच्यासाठी. आणि ते माझ्या हातून मोडलं.

शालनबाई : माझं न्हाई मोडलं. डॉक्टर म्हनले वाकायचं न्हाई, रांगोळीचा धुरळा नगं. पान्याचं कुठं काय म्हनले? पलंगावर बसायचं, मांडीवर पितळी ताट घ्यायचं, आन् वल्या बोटानं रोज तेहतीस पावलं काढायची. तेहतिसावं काढस्तोवर पयलं वाळून जायचं. मला तर तसंबी दिसत न्हवतं. ज्याच्यासाठी काढायची त्याला दिसत असत्याल.

तेजस्विनी : तुम्ही इथं खाली हे करत होतात, आणि मी वर गोधडीत बसून जगाला...

शालनबाई : रडू नगं. एक इचारते, तेवढं खरं सांग. येळ न्हवता का तुला?

तेजस्विनी : वेळ नव्हता असंच सांगणार होते. जिना उतरताना तेच घोकत होते. पण वेळ होता. मला जमलं नाही, मावशी. लोक मला डिझायनर म्हणतात, आणि माझं पहिलं पाऊल गाईचं काय, कशाचंच दिसेना. स्क्रीनवर रेघ चुकली की बटण दाबायचं, चूक नाहीशी. दिवसात शंभरदा दाबते. रांगोळी चिमटीतून सुटली की सुटली. तुमची पट्टी निघेल, तुम्ही बघाल आणि मनात म्हणाल, हिला एवढंही येत नाही? त्याचीच लाज वाटली.

शालनबाई : आन् ह्याची न्हाई वाटली?

तेजस्विनी : ह्याची जास्त वाटली. म्हणून तर सोलून आणलं.

शालनबाई : लगीन करून आले त्या वर्सी सासूच्या पाटावर मी पावलं काढली, तर म्हनाली व्हती, ‘शालन, ही गाय हाय का शेळी?’ आता तुमच्या गाड्या लागत्यात न्हवं, तिथं गोठा व्हता आमचा. मी जाऊन गाईपाशी बसायची, तिनं चिखलात पाय टाकला की बघायची. असं शिकले. वाकडीच यायची कितीतरी दिस. वाकडी काढली म्हनून कुनी व्रतातनं उठवत न्हाई, पोरी.

तेजस्विनी : अजून एक आहे. माण गावात एक दिव्या म्हणून मुलगी आहे, चित्रकला शिकते. माझं ते ऐकल्यापासून रोज तेहतीस काढते आणि मला फोटो पाठवते. खऱ्या रांगोळीची. काल लिहिलंय, ‘ताई, तुमच्यामुळं माझा हात थरथरायचा थांबला.’ मी काय केलं? नुसता अंगठा पाठवला.

शालनबाई : तिला सांग.

तेजस्विनी : सगळ्यांनाच सांगणार आहे. आज संध्याकाळी सुजितला बोलावलंय, नवीन रेकॉर्ड करायचं. सांगते की हे माझं नाहीच, आमच्या थेरगावच्या शालनबाईंचं...

शालनबाई : माझं नाव नगं. व्रताचा डांगोरा पिटायचा नसतो. तुझं घे. खरं बोलायला एक नाव पुरतं.

तेजस्विनी : बरं. माझंच घेईन. आणि ते बारा दिवस, मावशी? ते कसे भरून काढू?

शालनबाई : ही काय स्वप्नालीची कंपनी हाय, ओव्हरटाइम करून भरायला? पंधरा दिवस म्हनली व्हतीस. आज कितवा?

तेजस्विनी : पंधरावा.

शालनबाई : मंग?

तेजस्विनी : ...रांगोळीचा डबा कुठाय?

शालनबाई : कोनाड्यात, पंचांगाच्या मागं. पाट पुसून घे आधी. डिंक ऱ्हायला असंल त्याला.

तेजस्विनी : घासलाय. दोन ठिकाणी निघत नाहीये.

शालनबाई : ऱ्हाऊ दे. त्याच्यावरनंच काढ. आन् फोन कुठाय तुझा? फोटूबिटू काढायचा आसंल.

तेजस्विनी : वर ठेवून आलेय.

शालनबाई : बरं केलंस. आता बोलू नगंस. मी वाती वळते माझ्या. मोजायचं तुलाच हाय, मी न्हाई मोजायची.

तेजस्विनी : मावशी...

शालनबाई : आता काय?

तेजस्विनी : पाय जरा वर घ्या. पावलं मोठी येतायत, पाटावर मावणार नाहीत.