गिझरातलं पाणी जातं कुठे?

नाही नाही, तुम्हीच सांगा, गिझर चांगला पिंपाएवढा, बटण मी स्वतः दाबतो, लाल दिवा लागतो, दिवा विझतो, म्हणजे पाणी तापलं, बरोबर? मग मी डोक्याला साबण लावतो, नळ सोडतो, आणि दुसऱ्याच तांब्याला अंगावर बर्फ! डोळ्यांत साबण, अंगावर काटा, आणि दाराबाहेरून बायको विचारते, "अहो, किंचाळताय कशाला?" कशाला म्हणजे? पाणी जातं कुठे?

आता पाण्याला काही पाय फुटत नाहीत. कोणीतरी नेतं! घरात माणसं किती? मी, बायको, मुलगी... आणि महिन्याभरापासून आमचे सासरेबुवा. मुलीची म्हणजे कावळ्याची आंघोळ, आत गेली म्हणेपर्यंत बाहेर. बायकोची आंघोळ दुपारी. राहिलं कोण? मी नाव घेत नाही. मी संशयी माणूस नाही हो! पण तुम्हाला सांगतो, सासरेबुवा आंघोळ करून आले की आरशावर वाफेचा ठिपका नाही आणि खिडकी सताड उघडी. एखादा भोळा म्हणेल, वाफ नाही म्हणजे गरम पाणी वापरलंच नाही. अहो, वाफ नाही म्हणजे पुरावा नष्ट केला! नाहीतर एवढ्या थंडीत शहाणा माणूस खिडकी कशाला उघडेल? वर चेहरा टवटवीत, गाल लाल, आणि मलाच विचारतात, "काय जावईबापू, आज चेहरा का उतरलाय?" चोराच्या उलट्या बोंबा! पाणी जातं कुठे ते यांना माहीत नाही?

मग काय, ठेवली पाळत. दाराला कान लावला. आतून आवाज, "हाः... हुश्श... हुहुहू..." आता इतक्या सुखाचा सुस्कारा माणूस गरम पाण्याशिवाय सोडेल? तुम्ही सोडाल? आणि तेवढ्यात दार उघडलं, आणि मी कानासकट आत!

"जावईबापू, काही हवंय का?"

माणसाने 'काही नाही' म्हणून निघून जावं की नाही? पण जीभ कुठली ऐकते! म्हणालो, "सगळं गरम पाणी तुम्हीच संपवता!"

झालं. सासरेबुवा तडक वळले. खोलीत गेले आणि पिशवी भरायला लागले. बायको आली. ओरडली असती तर परवडलं असतं हो... हळू आवाजात म्हणाली, "बाबा जन्मभर गार पाण्याने आंघोळ करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला एवढंही माहीत नाही?"

नव्हतं हो माहीत! लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तेही माझ्यामुळे. पण मेलं मन गप्प बसतंय का? मग पाणी जातं कुठे?

तेव्हाच्या तेव्हा गिझरवाल्याला बोलावलं. त्याने टाकी उघडली आणि तळातून काय निघावं? पांढरी खडी! बादलीभर! आमचं पाणी जड, त्यातला क्षार वर्षानुवर्षं तळाशी बसत गेलेला, पाण्याला आत जागाच नाही, कॉइलवर ही पुटंच्या पुटं. "साहेब, तुम्ही पाणी नाही, दगड तापवत होता," म्हणाला. मी आधी त्याच्याच पिशवीकडे बघितलं, खडी घरून तर नाही ना आणली याने? पण नाही, माझ्या डोळ्यांदेखत पडत होती.

धावत जाऊन सासरेबुवांचे पाय धरले. "बाबा, चुकलो, पण जाऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आपल्या लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली. "बरं, नाही जात. पण जावईबापू, आळ आलाच आहे, तर एकदा गुन्हा तरी करून बघतो!"

आणि गिझर साफ झाल्याबरोबर शिरले की बाथरूममध्ये! आणि आवडलं हो त्यांना! जन्मात कधी चाखलं नव्हतं ना सुख... आता रोज पहिला नंबर त्यांचा. आत गाणं चाललंय, बादलीवर बादली भरतेय, आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभा. आता खरोखरच सगळं पाणी तेच संपवतात हो! अगदी देवाशपथ! पण बोलायला तोंड ठेवलंय का मी? जरा 'अं' केलं की बायकोची भुवई वर.

"काही नाही गं," मी म्हणतो, "गार पाणी तब्येतीला चांगलं असतं."