उत्तरेकडची खोली

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराच्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर पन्नाशीतला एक माणूस थोरल्या बहिणीशी बोलत होता.

"ताई, यंदा पहिल्यांदाच माझ्या पाळलेल्या सापांची जोडी लावायची म्हणतोय. वसंतात अंडी मिळतील."

"प्रेबेन, स्वतःचं लग्न जमवलं नाहीस आणि सापांचं जमवायला निघालास?"

"आधी त्यांना दोन महिने गारठ्यात ठेवावं लागतं. त्याशिवाय जवळ येत नाहीत."

"मग ठेव की. अडलंय कुठे?"

"तेवढी गार होईल अशी एकच खोली आहे. उत्तरेकडची."

"आईची? अरे, तिच्या तर साप म्हटलं की अंगावर काटा यायचा!"

"सुरुवातीला. नंतर नराला शालीत घेऊन बसायची. म्हणायची, 'माझ्यासारखाच थंड पडलाय बिचारा.'"

"मला कधी बोलली नाही."

"तू हसशील म्हणून."

"बरं, ठेव मग तिथेच. रिकामीच आहे ना खोली?"

"हीटर चालू आहे."

"अजून? आई जाऊन वर्ष होत आलं, प्रेबेन."

"रोज बंद करायला जातो गं. खोलीत शिरलं की ऊब लागते, मग तसाच परत येतो."

बस थांबली आणि पुन्हा निघाली.

"ताई, तुझा स्टॉप गेला."

"जाऊ दे. तुझ्याकडेच येते. दोघं मिळून बंद करू."