बकुळाबाईची पिल्लं

शंतनु : ...फक्त एक बाटली, मित्रा. खिडकीत तीन दिसतायत मला. माझ्या माशांची अंडी आज रात्री फुटणार. आतून डोळे चंदेरी दिसायला लागलेत.

संघमित्रा : आणि तुझे रॉटिफर?

शंतनु : मेले सगळे. सोमवारी पंप बंद पडला, पाणी सडलं. क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं, कुणाकडेच नाहीत. क्लाउनफिशची पिल्लं पहिला आठवडा त्या सूक्ष्म जिवांशिवाय दुसरं काही खात नाहीत, तुला माहितीये. परवापर्यंत उपाशी मरतील. चारशे तरी असतील गं.

संघमित्रा : तुझा पंप लई बंद पडतो रे.

शंतनु : म्हणजे?

संघमित्रा : मागच्या वर्षी माझी माशांची जोडी तुझ्याकडे सांभाळायला ठेवली, तेव्हापण बंद पडलेला ना? चहा घे, थंड होतोय.

शंतनु : त्याचं मला अजून वाईट वाटतं.

संघमित्रा : तुळशीच्या कुंडीत पुरलं म्हणालास दोघांना. तुळस कशी आहे?

शंतनु : चांगली आहे.

संघमित्रा : असणारच. आणि ही मादी कुठून आणलीस?

शंतनु : चेन्नईहून. एका ब्रीडरकडून.

संघमित्रा : ग्रुपवर टाकलेला तुझा व्हिडिओ बघितला मी. वीसदा तरी. तिच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याला डावीकडे खाच आहे, नखाने खरवडल्यासारखी. चेन्नईलापण माझी बकुळाबाई मिळते काय?

शंतनु : चहा खरंच थंड झाला.

संघमित्रा : बोल ना. आत्तापर्यंत तर फाडफाड बोलत होतास.

शंतनु : मी परत देणार होतो. शपथ. तिसऱ्या आठवड्यात तिने अंडी घातली, कौलाच्या तुकड्यावर. सहा वर्षं मी वाट बघत होतो, माझ्या एकाही जोडीने कधी घातली नव्हती. मला सोडवेना. आणि तू तेव्हा हॉस्पिटलमध्येच असायचीस, तुला कुठे वेळ...

संघमित्रा : आईजवळ होते मी. बकुळाबाई नाव तिनेच ठेवलेलं. नवऱ्याला अंड्यांना वारा घालायला लावते आणि आपण मिरवते, आमच्या मजल्यावरच्या बकुळाबाईसारखी, म्हणायची. रोज शुद्धीवर आली की पहिला प्रश्न, बकुळी जेवली का? पंप बंद पडला, जोडी गेली म्हणून तुझा फोन आला त्या दिवशी मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं, गेली. आई भिंतीकडे तोंड करून पडली. मग काही विचारलंच नाही तिने. चार दिवसांनी तीही गेली.

शंतनु : हे मला माहीत नव्हतं.

संघमित्रा : आता झालं. ऊठ. तो फोटो आहे. सांग तिला.

(शंतनु कप खाली ठेवून भिंतीवरच्या फोटोसमोर जातो.)

शंतनु : काकी... बकुळाबाई जिवंत आहे.

संघमित्रा : मोठ्याने. तिला कमी ऐकू यायचं.

शंतनु : काकी, बकुळाबाई जिवंत आहे! मी खोटं बोललो. मी ढापली ती.

संघमित्रा : बस.

शंतनु : आता बाटली दे. रविवारी आपल्या फिशटँक क्लबचे सगळे माझ्याकडे येतायत खोताच्या वाडीत, पिल्लं बघायला. हवं तर अर्धी तुझी.

संघमित्रा : रविवारी मीपण येतेय. झाकणाची बादली घेऊन. दोघांना नेणार, सगळ्यांसमोर.

शंतनु : ने. मी अडवणार नाही. पण आज बाटली दे. तुझ्याच बकुळाबाईची पिल्लं आहेत ती, मित्रा!

संघमित्रा : माहितीये. म्हणून तर आज मला झोप लागायची नाही.

शंतनु : अगं मग? तुला पण वाईट वाटतंय ना?

संघमित्रा : वाटतंय. पण बाटली नाही मिळणार.

शंतनु : मग मी काय करू, सांग तूच.

संघमित्रा : परवा फोन कर. पंप बंद पडला, पिल्लं गेली म्हणून सांग. मी विश्वास ठेवीन.