क्लॅरेन्सच्या टेबलावरची नारिंगी फळे

गुरुवार, दिनांक २८ नोव्हेंबर २०१९, सकाळी सव्वाअकरा. या वेळी पाइन मार्श येथील आमच्या चर्चच्या सभागृहात मी केलेल्या सजावटीत विषारी फळे खोचण्यात आली.

मी, लुसिल डोम्ब्रोव्स्की, वय ७२, निवृत्त न्यायालयीन टंकलेखिका, राहणार मिल स्ट्रीट, पाइन मार्श, विस्कॉन्सिन, समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती क्लॅरेन्स, वय ७९, यांना विस्मृतीचा आजार आहे. समोर दिसेल ते तोंडात घालतात. मेणबत्ती, बटण, एकदा बुद्धिबळातला घोडा. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सामुदायिक जेवणाला आमच्या टेबलावरची सजावट मीच करते आणि तीत खाता येणार नाही असे काहीही नसते. सजावट समितीच्या प्रमुख रोक्सॅन ब्लाझेक यांना हे मी स्वतः सांगितले आहे. दोनदा, मोठ्याने.

सजावट अशी होती. पावाच्या पिठाच्या पट्ट्या शंकूभोवती गुंडाळून, वरून अंडे लावून भाजलेले शिंग, सुगीची खूण म्हणून या सणाला मांडतात तसे. त्यातून बाहेर सांडलेल्या सफरचंदाच्या फोडी, अर्धी चिरलेली द्राक्षे, साखरेत शिजवलेल्या क्रॅनबेरी. कच्च्या त्यांना आंबट लागतात. खाली ओकच्या पानांऐवजी कोबीची पाने. फोडी टोचून बसवायला टूथपिक नाहीत, कोरड्या स्पॅगेटीच्या काड्या. तार मी कधीही वापरत नाही.

सजावट मांडून आम्ही दोघे चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला गेलो. तेवढ्यात ब्लाझेकबाईंनी तीत नारिंगी फळांच्या डहाळ्या खोचल्या. स्वयंपाकघरातल्या थेल्मा रुड यांनी ते पाहिले. वेळ त्यांनीच सांगितली.

जेवताना रस्सा संपला. मी उठले. ब्लाझेकबाई म्हणाल्या, "जा गं लुसिल, मी बघते तुझ्या नवरोबाकडे. पळून जाणार आहे का तो?"

मी गेले. परत आले तेव्हा त्या खुर्चीवर चढून टेबलाचा फोटो काढत होत्या आणि क्लॅरेन्स काहीतरी चावत होते. मी त्यांच्या तोंडात बोट घातले. नारिंगी साल निघाली.

ते म्हणाले, "लुसी, कडू आहे गं." ईस्टरपासून त्यांनी माझे नाव घेतले नव्हते. याचा प्रकरणाशी संबंध नाही.

"हे कोणी घातलं इथे?" मी विचारले.

"मी! अगं, किती फिक्कं दिसत होतं ते. कुंपणावरच्या बिटरस्वीटच्या वेलीचं आहे, सगळ्याच टेबलांवर घातलंय. टेबलावरची सजावट कोणी खातं का?"

"क्लॅरेन्स खातो. तू सोडून गावातल्या कुत्र्यांनाही ते ठाऊक आहे."

"सणाच्या दिवशी तरी तोंड आवर, बाई."

तासाभरात क्लॅरेन्सना उलट्या सुरू झाल्या. मग हातपाय गार पडले. रुग्णवाहिकेत ते माझी बाही धरून होते. आज शनिवार, अजून सलाइनवर आहेत.

काल दवाखान्यात काउंटीच्या वृद्धकल्याण अधिकारी आल्या. ब्लाझेकबाईंनी त्यांना सांगितले आहे की सजावट सगळी माझीच होती आणि मी नवऱ्याला एकटे सोडून गेले होते. क्लॅरेन्सना घरी पाठवायचे की साठ मैलांवरच्या शुश्रूषागृहात, हे सोमवारी दुपारी दोन वाजता ठरणार आहे. आमच्या लग्नाला एकावन्न वर्षे झाली. कॉन्व्हेंट शाळेत मला शिकवणाऱ्या सिस्टर्स छडी मारत, पण खोटे बोलायला त्यांनी शिकवले नाही. ब्लाझेकबाई त्याच शाळेत होत्या. त्या काय शिकल्या, मला माहीत नाही.

टेबलावर उरलेल्या डहाळ्या मी कागदी पिशवीतून पोलिसांकडे दिल्या आहेत. त्यांना हिरवी तार गुंडाळलेली आहे. फोटो ब्लाझेकबाईंच्या फोनमध्ये आहे. त्यांनी तो त्याच संध्याकाळी गावभर पाठवला. कोपऱ्यात क्लॅरेन्स दिसतात. हसत आहेत.

हा मजकूर लिहून घेणाऱ्याने मला मोठ्याने ऐकवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. एके ठिकाणी "नजरचुकीने" असे लिहिले होते. तो शब्द माझा नव्हता, खोडून घेतला. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही करण्यापूर्वी एवढे नोंदवावे. डहाळ्या कोणी खोचल्या आणि क्लॅरेन्सवर लक्ष ठेवण्याचा शब्द कोणी दिला, याचे ब्लाझेकबाईंच्या सहीचे लेखी उत्तर सोमवार, २ डिसेंबर, दुपारी बारापूर्वी मला मिळावे. फोन नको. उत्तर दवाखान्यात, क्लॅरेन्सच्या खाटेशी आणून द्यावे. मी तिथून उठणार नाही.