तरंगत्या धक्क्यापुढची पिंपं

माझी बायको जयवंती गेल्याचं सोमवारी देवासच्या दवाखान्यात कळलं. गुरुवारी तिच्या अस्थींचा कलश झोळीत घेऊन मी धरमपुरीला नर्मदेवर होडीसाठी उभा होतो. पुढे एक तरुण जोडपं होतं. तरंगता धक्का नवऱ्यानेच बांधलेला, आणि बायको त्यावर पाय ठेवायला तयार नव्हती.

“योगेंद्र, हा तर झुल्यासारखा हलतोय!”

“समोर पिंपांची रांग बांधलीय ना, कोमल, तिच्यावर लाटा फुटतात. ती नसती तर उभंही राहता आलं नसतं.”

“मग हलतो कशाला?”

“छोट्या लाटा अडतात. लांब लाट खालून निघून येते.”

“म्हणजे आपलं घरच! आईंची रोजची बोलणी मी अडवते, तुम्ही मजेत पेपर वाचता.”

“अगं हळू, काका ऐकतायत.”

“ऐकू देत ना. काका, तुमच्याकडे कोण अडवतं? काकूच ना?”

“काकूच,” मी म्हणालो.

“ऐकलंत? चला, हात द्या आता.”

ती दोघं होडीत बसली. नावाड्याने मला हाक मारली.

“बाबूजी, एक की जगह है, आ जाओ.”

“अगली में, भिया.”

ती होडी गेली, पुढचीही गेली. अस्थिविसर्जन अजून राहिलं आहे.